चिलीची कार्मेनेर: बाटली निवडण्यापासून एम्पानादापर्यंत

रांकाग्वाला आम्ही जुलैच्या कडाक्याच्या थंडीत पोचलो. नवऱ्याचं काम एल तेनिएन्ते या तांब्याच्या खाणीला लागणाऱ्या यंत्रांचं, आणि माझं काम, पहिले दोन महिने तरी, स्पॅनिशशी झटापट करण्याचं. सप्टेंबरच्या १८ तारखेला चिलीचा राष्ट्रीय सण असतो. त्या दिवशी घरमालकीणबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि दारातच हातात कार्मेनेर या लाल वाइनचा ग्लास दिला. मी वास घेतला आणि तोंडातून मराठीतच निघालं, "अगं बाई, ढोबळी मिरची!"

अर्थ सांगितल्यावर त्या मनापासून हसल्या. "द्राक्षं घाईत तोडलेली दिसतायत, मिहिता," म्हणाल्या. मिहिता म्हणजे आपलं 'पोरी'. मग त्यांनी भट्टीतून नुकतीच काढलेली एम्पानादा, म्हणजे तिथली कांदा-मांसाची भाजलेली करंजी, पुढे ठेवली आणि आधी एक घास खा, मग पुन्हा घोट घे, असं खुणेनं सांगितलं. घेतला. मिरचीचा वास अजून होताच, पण आता तो उपरा वाटत नव्हता. कांदा, जिरं आणि भाजलेल्या कणकेच्या वासात तो घरच्यासारखा जाऊन बसला होता.

या वाइनबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं त्या एका घासात आहे. रेड वाइन म्हटली की लोक विचारतात, कोणत्या मांसाबरोबर? कार्मेनेरच्या बाबतीत हा प्रश्न दुय्यम आहे. मांस कोणतंही असो, किंवा नसो, तुम्ही मसाला बघा. कांदा परतलेला हवा, जिरं हवं, कुठेतरी धूर किंवा भाजल्याची चव हवी. तेवढं जमलं तर साधी बाटलीही खुलते. आता क्रमाने बघू.

आधी द्राक्षाची गोष्ट, कारण ती चवीत उतरली आहे

कार्मेनेर मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची. शरद ऋतूत तिची पानं किरमिजी होतात. फ्रेंचमध्ये त्या रंगाला 'कार्मिन' म्हणतात, त्यावरून हे नाव. काबर्ने फ्रांक हे द्राक्ष तिच्या दोन जनकांपैकी एक, आणि मेर्लो व काबर्ने सोव्हिन्यों या दोघींचंही तेच. म्हणजे या तिघी सावत्र बहिणी, आणि पुढचा सगळा घोळ या नात्यातूनच झाला.

१८५० च्या दशकात चिलीच्या धनिक जमीनदारांनी फ्रान्सहून वेलींच्या काड्या मागवल्या. सिल्वेस्त्रे ओचागाविआ हे त्यातलं सर्वांत ठळक नाव, साल १८५१. त्या काड्यांमध्ये कार्मेनेरही आली. पुढच्या काही दशकांत फायलोक्झेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने बोर्दोचे मळे उद्ध्वस्त केले. त्या किडीला पुरून उरणाऱ्या अमेरिकन मुळांवर कलमं बांधून नव्याने लागवड झाली तेव्हा कार्मेनेरला कुणी विचारलं नाही. गार, ओल्या वसंतात तिची फुलं गळतात आणि फळधारणा धड होत नाही, शिवाय पिकायला ती फार वेळ घेते. शेतकऱ्याने तिचे लाड कशाला करावेत?

चिलीत मात्र ती कीड आजवर शिरलेली नाही. एका बाजूला अँडीज, दुसऱ्या बाजूला महासागर, उत्तरेला आताकामाचं वाळवंट. त्यामुळे वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या राहिल्या, पण नाव हरवून. लोक तिला मेर्लो समजून वाढवत होते. दोन्ही वेली एकाच मळ्यात मिसळलेल्या, आणि तोडणी मेर्लोच्या वेळेला, म्हणजे मार्चमध्ये. कार्मेनेरला त्यानंतर आणखी तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे अर्धा मळा कच्चाच तोडला जायचा, आणि 'चिलीची मेर्लो जरा हिरवट लागते बुवा' असं जगभर म्हटलं जायचं.

२४ नोव्हेंबर १९९४ ला झाँ-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच वेलीतज्ज्ञ मायपो खोऱ्यातल्या आल्तो हावेल इथे, विन्या कारमेन या वाइन कंपनीच्या मळ्यात फिरत होते. दक्षिण गोलार्धातला नोव्हेंबर म्हणजे वसंत, वेली फुलावर होत्या. मेर्लो म्हणून दाखवलेल्या वेलींच्या फुलांतले पुंकेसर त्यांना पिळवटलेले दिसले. ही मेर्लो नव्हे, कार्मेनेर आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढे डीएनए तपासणीने ते पक्कं झालं. आजही २४ नोव्हेंबर कार्मेनेर दिवस म्हणून साजरा होतो. चीनमध्ये 'काबर्ने गेर्निश्ट' नावाने वाढवली जाणारी द्राक्षंही तपासाअंती कार्मेनेरच निघाली. या बाईला दुसऱ्याच्या नावावर राहायची सवयच आहे.

ढोबळी मिरचीच्या वासालाही कारण आहे. कच्च्या कार्मेनेरमध्ये मेथॉक्सिपायराझिन या गटातली द्रव्यं असतात. त्यातलं मुख्य द्रव्य ढोबळी मिरचीला तिचा वास देणारंच आहे, अगदी तेच. आपल्या नाकाला ते पाण्यात लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी कळतं. द्राक्ष पिकत गेलं आणि घडावर ऊन पडलं की ते कमी होतं. म्हणून हल्ली मळेवाले घडांभोवतीची पानं लवकर काढतात आणि तोडणी एप्रिलअखेर ते मेपर्यंत लांबवतात. वास पूर्ण घालवायचा की थोडा ठेवायचा, यावर तिथे जोरदार मतभेद आहेत. मला विचाराल तर थोडा हवाच. तो अजिबात नसलेली कार्मेनेर छान असते, पण मग ती कुठलीही महागडी रेड वाइन असू शकते.

पायरी १: बाटली निवडताना

लेबलवर तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, खोरं. नुसतं 'व्हाये सेंत्राल', म्हणजे मध्य खोरं, असं लिहिलं असेल तर द्राक्षं लांबलचक पट्ट्यातून कुठूनही आलेली असतात. अशी बाटली रोजच्या जेवणाला ठीक. एक पायरी वर जायचं असेल तर काचापोआल किंवा कोल्चाग्वा ही नावं शोधा. काचापोआलमधलं पेउमो हे गाव कार्मेनेरचं माहेर म्हणावं असं आहे. तिथली चिकणमाती पाणी धरून ठेवते, आणि उशिरापर्यंत वेलीवर राहणाऱ्या द्राक्षाला ते लागतंच. कोल्चाग्वात आपाल्ता, लोस लिंगेस आणि मार्चिग्वे ही तीन नावं लक्षात ठेवा. मायपोची कार्मेनेरही चांगली असते, पण त्या खोऱ्याचा खरा जीव काबर्ने सोव्हिन्योंमध्ये आहे.

दुसरी, पिकाचं वर्ष. स्वस्त आणि मध्यम बाटल्या तीन-चार वर्षांत संपवाव्यात. या द्राक्षाचा आंबटपणा मुळात कमी असतो, त्यामुळे साधी बाटली जुनी झाली की गळपटते. जपून ठेवण्यासारख्या बाटल्या वेगळ्या: कोंचा इ तोरोची 'कारमिन दे पेउमो', मोंतेसची 'पर्पल एंजल', किंवा 'क्लो आपाल्ता' हे मिश्रण. क्लो आपाल्ताच्या २००५ च्या वाइनला अमेरिकेच्या 'वाइन स्पेक्टेटर' मासिकाने २००८ साली वर्षातली सर्वोत्तम वाइन ठरवलं होतं, आणि त्यात मोठा वाटा कार्मेनेरचा होता. पण जेवणाशी जोडी जमवायला शिकत असाल तर या बाटल्यांवर पैसे घालू नका.

तिसरी, 'रेसेर्वा' आणि 'ग्रान रेसेर्वा' हे शब्द. यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. चिलीच्या कायद्यात त्यांना थोडा अर्थ आहे, पण तो ढिला आहे. व्यवहारात ग्रान रेसेर्वा म्हणजे ओकच्या पिंपात जास्त काळ राहिलेली, व्हॅनिला-कॉफीच्या अंगाने जाणारी वाइन. जेवणात धूर आणि भाजलेपणा असेल तर ती चालते. पालेभाजी, कोथिंबीर, तुळस असलं काही असेल तर साधी रेसेर्वा किंवा अजिबात ओक न लागलेली बाटली बरी. फिरकीचं झाकण दिसलं तर नाक मुरडू नका. चिलीत चांगल्या बाटल्यांनाही ते असतं, आणि बूच खराब निघायची भीती नाही.

पायरी २: तापमान, म्हणजे निम्मं काम

पुण्याला परतल्यावर मे महिन्यात मी मोठ्या कौतुकाने एक पेउमोची बाटली उघडली. पाहुण्यांना गोष्ट सांगून झाली, ग्लास भरले, आणि पहिल्याच घोटाला सगळ्यांचे चेहरे खोकल्याचं औषध घेतल्यासारखे झाले. बाटली होती ओट्यावर, घरात ३३ अंश. कार्मेनेरमध्ये अल्कोहोल सहसा साडेतेरा ते साडेचौदा टक्के असतं. उकाड्यात तेच आधी नाकात जातं आणि फळाची चव मागे पडते.

रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी हा सल्ला गार देशांतल्या खोल्यांसाठी आहे. आपल्याला १६ ते १८ अंश हवेत. उन्हाळ्यात बाटली तास-सव्वा तास फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून त्यात दहा-बारा मिनिटं. नुसता बर्फ नको, पाणी हवंच, कारण बर्फाच्या खड्यांमधल्या हवेतून बाटली लवकर गार होत नाही. हात लावल्यावर माठातल्या पाण्याइतकी गार लागली की काढा. फार गार झाली तर उलटा त्रास होतो. तुरटपणा आणि हिरवा वास पुढे येतो आणि फळ झोपून जातं. पण तेव्हा नुसतं थांबायचं, आपल्याकडे वाइन आपोआप वर येते.

पायरी ३: उघडणं आणि पहिला घोट

बाटली जेवणाच्या अर्धा तास आधी उघडा आणि काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा. नुसतं बूच काढून बाटली तशीच ठेवल्याने काही होत नाही, निमुळत्या मानेतून हवा जाणार किती? खास भांडं नसेल तर सरबताचा जग चालतो. मात्र आधी त्याला सरबताचा वास राहिलाय का बघा.

ग्लास एक तृतीयांशच भरा. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघा. तरुण कार्मेनेर गडद जांभळट-लाल असते, कडेला किरमिजी झाक. मग वास दोनदा घ्या, आधी ग्लास न हलवता, मग गोल फिरवून. पहिल्या वासात मिरची येईल. दुसऱ्यात पिकलेल्या जांभळासारखं गडद फळ, काळी मिरी, थोडा कोको, कधी तंबाखूच्या कोरड्या पानाचा वास. आता घोट तोंडात थोडा घोळवून हिरड्यांकडे लक्ष द्या. काबर्ने प्याल्यावर सुपारी खाल्ल्यासारखी तोंडाला कोरड पडते. कार्मेनेरचा तुरटपणा मऊ, जास्तीत जास्त पिकल्या जांभळाइतका.

हे सगळं लिहून काढायची गरज नाही. तीनच प्रश्न विचारा: मिरचीचा वास किती, ओकचा वास किती, आणि आंबटपणा आहे का. पुढचा स्वयंपाक या तीन उत्तरांवर ठरतो.

पायरी ४: जोडी जमवायचे नियम

हिरवा वास जास्त असेल तर ताटातही हिरवं आणि भाजलेलं काहीतरी हवं. आंचेवर खरपूस केलेली ढोबळी मिरची, तुळस, कोथिंबीर, ओरेगानो. सारखा वास सारख्याला ओढून घेतो आणि वाइनमधला तो वास दोष वाटेनासा होतो.

ओक जास्त असेल तर धूर आणि चरबी. निखाऱ्यावरचं मांस, डुकराच्या बरगड्या, लोंगानिसा नावाचं त्यांचं सॉसेज.

आंबटपणा बहुधा कमीच असतो, म्हणून ताटात आंबट फार नको. चिंच, कोकम, लिंबू पिळलेली माशाची आमटी यांच्यापुढे कार्मेनेर पाणचट लागते. चिलीची माणसंही सेविचे, म्हणजे लिंबात मुरवलेला कच्चा मासा, आणि काँग्रिओ माशाच्या रश्श्याबरोबर पांढरी वाइन घेतात. त्यांच्या शहाणपणावर विश्वास ठेवा.

आणि तिखट. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. चिलीचं जेवण आपल्या मानाने सपक असतं, हे लक्षात ठेवून आपल्या हाताला लगाम घाला. तिखटाची चव येऊ दे, पण नाकातून पाणी नको.

पायरी ५: एम्पानादा दे पिनो, सविस्तर

दिसायला करंजीची धाकटी चुलतबहीण, पण घडी चौकोनी आणि भट्टीत भाजलेली. 'पिनो' म्हणजे आतलं कांदा-मांसाचं सारण. हा शब्द मापुचे लोकांच्या मापुदुंगुन भाषेतून आलेला आहे. दहा-बारा नग होतील असं प्रमाण देते.

सारण आदल्या दिवशी करायचं. ही सूचना मी पहिल्या वेळी ऐकली नाही. गरम सारण भरलं, पीठ ओलं झालं, आणि भट्टीच्या ट्रेमध्ये बारापैकी सात एम्पानादा फुटून रस्सा वाहिला. सारण रात्रभर गार झालं की मांसातला रस थिजतो आणि जेलीसारखा धरून ठेवला जातो. भाजताना तो पुन्हा वितळतो, पण तोवर कड पक्की झालेली असते.

साहित्य: मांस ५०० ग्रॅम, कांदे ७०० ते ७५० ग्रॅम. हो, कांदा मांसापेक्षा जास्त, पिनोचा जीव त्यात आहे. चिलीत गोमांस हाताने बारीक चिरून घेतात. आपल्याकडे बिनहाडाचं मटण बारीक चिरून किंवा जाडसर खिमा घ्या. तीन मोठे चमचे तेल, एक मोठा चमचा गोड पाप्रिका, एक छोटा चमचा जिरेपूड, एक छोटा चमचा ओरेगानो, चवीला मीठ, एक मोठा चमचा मैदा, एक कप मांसाचा रस्सा किंवा पाणी. पाप्रिका नसेल तर काश्मिरी मिरचीपूड चालेल, पण एकच छोटा चमचा.

कांदा चौकोनी, हरभऱ्याच्या दाण्याएवढा चिरा. फार बारीक केलात तर लगदा होतो. तेलात मंद आंचेवर १५ ते २० मिनिटं परता. तो पारदर्शक आणि मऊ व्हायला हवा, तपकिरी नको. आपला हात भाजीला कांदा लाल करायला शिवशिवतो, तिथे थांबायचं, कारण गोडवा हवाय, कडवटपणा नको. मग पाप्रिका आणि जिरं घाला, अर्धा मिनिट परता, लगेच मांस. मांसाचा रंग बदलला की रस्सा, ओरेगानो, मीठ. मटण असेल तर झाकून ३०-४० मिनिटं, खिम्याला २० पुरतात. शेवटी मैदा थोड्या पाण्यात कालवून घाला आणि दोन-तीन मिनिटं शिजवा. सारण ओलसर हवं. चमच्यात घेतल्यावर रस सुटतोय पण धावत नाही, अशा बेताचं. गार झालं की फ्रिजमध्ये.

दुसऱ्या दिवशी पीठ. मैदा ५०० ग्रॅम, वितळवलेलं लोणी १०० ग्रॅम (तिथे डुकराची चरबी घालतात आणि खरं सांगायचं तर ती जास्त छान लागते), एका अंड्याचा पिवळा बलक, आणि एक छोटा चमचा मीठ विरघळवलेलं कोमट पाणी साधारण २०० मिलिलिटर. पाणी एकदम ओतू नका, मैद्यागणिक कमीजास्त लागतं. पुरीच्या कणकेइतकं घट्ट मळा, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. गोळे करून फुलक्याएवढ्या पाऱ्या लाटा, पण फुलक्याहून जाड, साधारण तीन मिलिमीटर.

प्रत्येक पारीवर मधोमध दोन मोठे चमचे सारण, उकडलेल्या अंड्याचा चौथा भाग, एक काळं ऑलिव्ह, दोन-तीन बेदाणे. ऑलिव्ह तिथे बीसकट घालतात, आणि पाहुण्याला आधी सांगायचं असतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या दाढेला तो दिवस आठवतो. तुम्ही बी काढलेलं घ्या.

कडेला बोटाने पाणी लावा, अर्धगोल घडी घाला, आतली हवा दाबून काढा आणि कड घट्ट चिमटा. आता दोन्ही टोकं आत दुमडा आणि मग गोलाईची बाजू आत दुमडा. लिफाफा बंद करतो तसं. वरून दातकोरणीने दोन-तीन भोकं पाडा, दुधात फेटलेला बलक लावा, आणि आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर २५ ते ३० मिनिटं. वरचा रंग बिस्किटासारखा झाला की काढा आणि पाच मिनिटं थांबा. आतलं सारण उकळत असतं.

एम्पानादा हातात उभी धरून खायची, रस खाली राहतो. पहिला घास बहुतेक नुसत्या पिठाचा आणि कांद्याचा येतो, तेव्हा वाइन घेऊ नका. अंड्याच्या किंवा मांसाच्या घासाला घ्या. बेदाणा तोंडात असताना घेतलीत तर वाइन क्षणभर आंबट लागेल. ते नैसर्गिक आहे, गोडापुढे कोरडी वाइन अशीच लागते.

चिलीतल्या आणखी जोड्या

तेच पिनो मातीच्या वाडग्यात घालून, वर कोंबडीचा तुकडा ठेवून, तुळस घालून वाटलेल्या ओल्या मक्याचा थर देऊन भाजलं की झालं पास्तेल दे चोक्लो. वरून साखर भुरभुरतात, ती खरपूस होते. वाडगे पोमायरे या कुंभारांच्या गावचे. मका गोड, साखर वर, त्यामुळे इथे भरपूर फळ असलेली तरुण बाटलीच हवी. ओकवाली वाइन या पदार्थापुढे कडू होते, हे मी दोनदा करून बघितलंय.

प्लातेआदा म्हणजे मांसाचा चरबीदार तुकडा तासन्‌तास मंद शिजवलेला. याला मात्र ग्रान रेसेर्वा काढा. चार्किकान हा भोपळा, बटाटा आणि मांस घोटून केलेला घरगुती पदार्थ, वर एक तळलेलं अंडं. रोजच्या बाटलीबरोबर रात्रीच्या जेवणाला याहून बरं काही नाही.

मेर्केन हा मापुचे लोकांचा मसाला: धुरावर वाळवलेल्या मिरच्या, भाजलेले धने आणि मीठ कुटून केलेला. ताज्या चीजवर, बटाट्यावर, डुकराच्या बरगड्यांवर तो भुरभुरतात. कार्मेनेरच्या एकूण सगळ्या जोड्यांत माझा पहिला नंबर यालाच. आपल्याकडे मिळाला नाही तर चार ब्याडगी मिरच्या आणि दोन छोटे चमचे धने कोरडे भाजून, मीठ घालून जाडसर कुटा. एका वाटीत काढून, शेजारी छोट्या वाटीत पेटता निखारा ठेवून त्यावर तेलाचा थेंब सोडा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. हुबेहूब नाही, पण वाइनला फसवण्याइतकं जमतं.

मांस न खाणाऱ्यांसाठी

पोरोतोस ग्रानादोस हा चिलीच्या उन्हाळ्यातला पदार्थ. शेंगांतून काढलेले ताजे पोरोतो (राजम्यासारखे दाणे), लाल भोपळा, ओला मका आणि तुळस. आपल्याकडे रात्रभर भिजवलेले राजमे घ्या. एक वाटी राजमे मऊ शिजवा. वेगळ्या पातेल्यात एक मोठा कांदा मंद परतून, त्यात एक छोटा चमचा पाप्रिका आणि अर्धा चमचा जिरेपूड घाला. दोन वाट्या भोपळ्याच्या फोडी, शिजलेले राजमे आणि त्यांचं पाणी घालून भोपळा विरघळेपर्यंत शिजवा. शेवटी दोन वाट्या मक्याचे दाणे, त्यातले अर्धे वाटून, आणि मूठभर इटालियन तुळस. आपली वृंदावनातली तुळस इथे फार उग्र होते. हे ताट आणि ओक न लागलेली कार्मेनेर एकत्र आले की मांसाची आठवण होत नाही.

आपल्या घरातलं काय चालतं

मुद्दाम जुळवायला जाऊ नका, पण काही गोष्टी आपोआप जुळतात. पीठ पेरलेली ढोबळी मिरचीची भाजी हे त्यातलं पहिलं नाव: तोच वास, शिवाय भाजलेलं बेसन आणि मोहरी-जिऱ्याची फोडणी. गूळ घालायची सवय असेल तर त्या दिवशी वगळा. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, दही न घालता. भाजलेलं सुकं खोबरं आणि कांद्याच्या वाटणातलं सुकं मटण, तिखट निम्म्यावर आणून. साधा खिमा-पाव तर पिनोचाच भाऊ.

तांबडा रस्सा, ठेचा, चिंच-गुळाची आमटी, सोलकढी यांच्या वाटेला जाऊ नका. नाकारलेली जोडी बघायचीच असेल तर बोंबिलाच्या कालवणाबरोबर एक घोट घ्या. तोंडात पितळेचा चमचा धरल्यासारखं वाटेल.

उरलेल्या बाटलीचं

झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, दोन-तीन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी बहुधा मिरचीचा वास ओसरलेला आणि कोको वर आलेला असतो. उरलेल्या एम्पानादा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पारी चामडं होते. तव्यावर झाकण ठेवून मंद आंचेवर दोन्ही बाजूंनी शेका. घरमालकीणबाई १९ तारखेची सकाळची एम्पानादा अशीच करायच्या, आणि बाटलीच्या तळाशी राहिलेला अर्धा पेला १८ च्या रात्री मुद्दाम तिच्यासाठी लपवून ठेवायच्या, पिठाच्या डब्यामागे.